ट्रॅव्हल ट्रेलरसाठी कुठला पिकअप घ्यावा? आधी दारावरचा स्टिकर वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही डॅलसला राहता. घरात तुम्ही दोघं, ११ आणि ८ वर्षांची मुलं, आणि दर उन्हाळ्यात येणारे आई-बाबा. २६ फुटी बंकहाऊस ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, मुलांसाठी एकावर एक बिछाने असलेलं) पसंत पडला आहे. ब्रोशरमध्ये त्याचं वजन ५,६०० पौंड आहे आणि जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे पूर्ण भरल्यावर चालणारं कमाल वजन, ७,६०० पौंड. तो घेऊन कोलोरॅडोला जायचं आहे. डीलर म्हणतो, "आजकालचा कुठलाही हाफ-टन ११,००० पौंड ओढतो, तुम्हाला भरपूर झालं." तर हाफ-टन (फोर्ड एफ-१५० सारखा नेहमीचा पिकअप) घ्यावा की थ्री-क्वार्टर टन (एफ-२५० सारखा, त्याहून दणकट), आणि गॅस, म्हणजे पेट्रोल, की डिझेल?

डीलर खोटं बोलत नाहीये. ११,००० चा आकडा खरा आहे, फक्त तो तुमच्या कामाचा नाही. ट्रॅव्हल ट्रेलर जोडलेल्या हाफ-टनची ओढायची ताकद संपायच्या कितीतरी आधी त्याची पेलायची मर्यादा संपते. तुमच्या घरची माणसं आणि हा ट्रेलर धरून माझं उत्तर असं: गॅस इंजिनचा थ्री-क्वार्टर टन, मधल्या ट्रिमचा (म्हणजे सोयी-सजावटीच्या मधल्या पातळीचा), पुढे तिघं बसतील अशी सीट असलेला. कसं ते सविस्तर सांगतो, कारण हा हिशेब तुम्हाला स्वतःला करता आला पाहिजे. उद्या ट्रेलर बदललात तर उत्तरही बदलेल.

आधी टो रेटिंग, म्हणजे ट्रक किती ओढू शकतो याचा छापील आकडा, येतं कुठून ते बघू. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ हे त्याचं मानक २००८ मध्ये आलं. टोयोटाने २०११ च्या टुंड्रापासून ते पाळायला सुरुवात केली. फोर्ड, जीएम आणि रॅम २०१५ च्या मॉडेलांपर्यंत त्यात आले. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा काढायची आणि शेजाऱ्यापेक्षा शंभर पौंड जास्त छापायची. या मानकात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे ११ मैलांचा चढ आहे. बाहेर १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण जोरात, आणि मागे एकेरी चाकं असलेल्या ट्रकचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. कडक परीक्षा आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. इंजिन, कूलिंग, ट्रान्समिशन सगळं त्यात तावून निघतं. पण त्या परीक्षेतल्या ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं बसलेली असतात, मागच्या बेडमध्ये, म्हणजे उघड्या हौद्यात, सायकली नसतात आणि ट्रेलरचा टंग वेट १० टक्केच धरलेला असतो. तुम्ही सहाजण आहात.

टंग वेट म्हणजे ट्रेलरचं नाक हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीवर, जेवढा भार टाकतं तो. ट्रॅव्हल ट्रेलरला हा भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के लागतो, मी हिशेबाला १३ धरतो. तो कमी करून चालत नाही. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की ती जशी उलार होते, तसा कमी टंग वेटचा ट्रेलर नाकावर हलका पडतो आणि वेगात शेपूट हलवायला लागतो. म्हणजे टंग वेट हवाच, आणि तो भार ट्रक ओढत नाही, पाठीवर घेतो. माणसं, सामान आणि हिचचा लोखंडी सांगाडा हे सगळं त्याच पाठीवर. या सगळ्याला मिळून जी मर्यादा आहे ती म्हणजे पेलोड.

पेलोडचा आकडा ब्रोशरमध्ये शोधू नका. तिथे "२,२०० पौंडांपर्यंत" असं काहीतरी असतं आणि ते "पर्यंत" दोन दारांच्या, टू-व्हील ड्राइव्ह, रबरी फ्लोअरवाल्या ट्रकचं असतं, जो लॉटवर सापडत नाही. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पिवळी पट्टी असलेला एक स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा त्याच ट्रकचा, कारखान्यातून ज्या साजासकट तो बाहेर पडला त्याचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या त्याच रंगाच्या, त्याच मॉडेलच्या ट्रकवर ३०० पौंडांचा फरक सहज दिसतो. डीलरने नंतर बसवलेली पायरी, बेडवरचं कव्हर, टूलबॉक्स हे त्यात धरलेलं नसतं, ते तुम्ही वजा करायचं. आणि या आकड्यात ड्रायव्हरही मोजायचा असतो. पुष्कळजण स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज करतात.

आता तुमचाच हिशेब मांडू. तुम्ही दोघं मिळून ३१० पौंड धरा, मुलं १५०. झाले ४६०. ट्रेलर भरल्यावर ७,००० पौंडांच्या आसपास जाईल, त्याचे १३ टक्के म्हणजे ९१०. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (नाकाचा भार सगळ्या ॲक्सलवर वाटून देणारी जोडणी) ९० पौंडांचं. बेडमध्ये चार सायकली, लहान जनरेटर, कूलर, हत्यारांची पेटी मिळून २०० धरू, आणि हे मी हात आखडून धरतोय. बेरीज १,६६०. आई-बाबा आले की आणखी २७०, म्हणजे १,९३०. आता लॉटवर जाऊन चार दारांच्या फोर-व्हील ड्राइव्ह हाफ-टनांचे स्टिकर वाचा. बहुतेक १,३५० ते १,९०० मध्ये सापडतील, आणि जितका ट्रक देखणा तितका आकडा खाली. पॅनोरमिक छत, पॉवर पायऱ्या, मोठी चाकं, गार-गरम होणाऱ्या सीट, या सगळ्याला वजन असतं आणि ते पेलोडमधूनच जातं. वरच्या ट्रिमच्या हाफ-टनांवर मी १,२५० च्या आसपासचेही स्टिकर पाहिले आहेत. समजा एखाद्या ट्रकचं टो रेटिंग ११,२०० आहे आणि स्टिकरवर १,४०० लिहिलंय. ११,२०० चे साडेबारा टक्के म्हणजे १,४००. म्हणजे रेटिंगइतका ट्रेलर जोडला तर गाडी चालवायला माणूससुद्धा बसवता येणार नाही.

वेट डिस्ट्रिब्युशन हिचमुळे टंग वेटचा काही भाग ट्रेलरच्या ॲक्सलवर परत जातो, मग तो वजा का करत नाही, असं कुणीतरी विचारेलच. जातो, खरं आहे. पण किती जातो ते हिचच्या बांधणीवर ठरतं आणि ट्रक विकत घेण्याआधी ते कळायचा मार्ग नाही, म्हणून खरेदीच्या हिशेबात मी तो धरत नाही. तशीच एअर बॅगची गोष्ट. मागच्या स्प्रिंगजवळ हवेचे फुगे बसवले की ट्रकचं बूड वर येतं, दिसायला सगळं सरळ दिसतं, पण ॲक्सल, चाकं, ब्रेक, फ्रेम तीच राहतात. स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही.

ट्रेलरच्या ब्रोशरमधल्या ५,६०० वर तर अजिबात विसंबू नका. ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात बॅटरी बहुधा नसते, पाणी नसतं, भांडीकुंडी, गाद्या, पांघरुणं, कपडे, खाणं, होस, केबल, लेव्हलिंगचे लाकडी ठोकळे यातलं काही नसतं. एका कुटुंबाचं सामान हजार पौंडांच्या खाली क्वचितच राहतं. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड. २० पौंडी प्रोपेन सिलिंडर भरल्यावर ३७ च्या आसपास, आणि नाकावर असे दोन असतात. बॅटरीही नाकावरच, आणि पुढचा आरपार सामानकप्पा लोक आधी भरतात. त्यामुळे ब्रोशरमधला ६०० चा टंग वेट प्रत्यक्षात ८५०-९०० होतो.

ट्रेलर बघायला जाल तेव्हा गोड्या पाण्याची टाकी कुठे आहे हे खाली वाकून बघा. चाकांच्या पुढे असेल तर भरल्यावर टंग वेट वाढतो, मागे असेल तर कमी होतो. टाकी अगदी मागे असलेला ट्रेलर, टाकी पूर्ण भरून, मागच्या बंपरवर सायकली टांगून हायवेला काढला की तो डोलणारच. लोक मग हिच बदलतात, ट्रक बदलतात, आणि टाकी मात्र भरलेलीच असते. आणखी एक. मॉडेलच्या नावात २६ असला तरी नाकापासून बंपरपर्यंत तो ट्रेलर ३० फुटांच्या आसपास भरण्याची शक्यता मोठी आहे. नक्की लांबी विचारून घ्या, ती पुढे लागणार आहे.

मग हाफ-टन बादच का? नाही. आई-बाबा नसते आणि बेडमध्ये फार सामान नसतं, तर एफ-१५० हेवी ड्युटी पेलोड पॅकेजसह ऑर्डर करा असं मी म्हटलं असतं. तसा ट्रक दोन हजारांच्या वर पेलोड देतो, रिकामा असताना सुखात चालतो आणि शहरात वापरायला बरा. अडचण एवढीच की ते पॅकेज खालच्या ट्रिमवर मिळतं, लॉटवर तयार क्वचित उभं असतं, आणि सेल्समनला त्याची माहिती असेलच असं नाही. दुसरा रस्ता म्हणजे ट्रेलर लहान करणं. जीव्हीडब्ल्यूआर ६,००० च्या आत आणि एकूण लांबी २५ फुटांच्या आत असेल तर मधल्या ट्रिमचा चांगला हाफ-टन तो आयुष्यभर ओढेल. टोयोटा टकोमा, शेव्हरोले कोलोरॅडो, फोर्ड रेंजर या मधल्या आकाराच्या ट्रकांची रेटिंगं ६,००० ते ७,७०० पौंडांची दिसतात, पण चार माणसं बसल्यावर त्यांचा पेलोड इतका कमी उरतो की या ट्रेलरसाठी त्यांचा विचार करू नका.

ट्रिमबद्दल आणखी एक गोष्ट, जी तुमच्या घराला थेट लागू पडते. महाग ट्रिममध्ये पुढच्या दोन सीटच्या मध्ये मोठा कन्सोल असतो. म्हणजे ट्रक पाचजणांचा. तुम्ही सहा आहात. खालच्या आणि मधल्या ट्रिममध्ये पुढे बाकासारखी तिघांची सीट मिळते, गिअरची दांडी स्टिअरिंगजवळ असते आणि मधलं पाठटेकू खाली पाडून हात ठेवायला होतं. बाबा पुढे, आई मागे मुलांबरोबर, किंवा उलट. म्हणजे स्वस्त ट्रिममध्ये पेलोडही जास्त आणि माणसंही जास्त. सत्तर हजार डॉलरचा ट्रक नाकारून पन्नास-पंचावन्नचा घ्यायला मनाची तयारी लागते, पण इथे तोच योग्य आहे. आणि आजी-आजोबा मागे ट्रेलरमध्ये आडवे होऊन येतील हा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो लगेच काढून टाका. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये बसणं बऱ्याच राज्यांत बेकायदा आहे, आणि जिथे नाही तिथेही आत ना सीटबेल्ट, ना कुठला आधार.

थ्री-क्वार्टर टन म्हणजे फोर्डचा एफ-२५०, जीएमचा सिल्व्हराडो किंवा सिएरा २५००एचडी, रॅम २५००. गॅस इंजिन, चार दारं, फोर-व्हील ड्राइव्ह अशा ट्रकांचे स्टिकर साधारण २,८०० ते ३,५०० च्या पट्ट्यात सापडतात. तुमचे १,९३० त्यात आरामात बसतात, वर सरपण, कुत्रा, पुढच्या वर्षीच्या कयाक यांना जागा उरते. मागचा ॲक्सल जाड, ब्रेक मोठे, टायर लोड रेंज ई चे, म्हणजे जास्त भार पेलणारे. रिकामा असताना हे ट्रक खड्ड्यात उसळतात, हे आधीच सांगून ठेवतो. घरच्यांना टेस्ट ड्राइव्हला बरोबर न्या. गॅरेजही मोजा. चार दारांचा शॉर्ट बेडवाला एफ-२५० सुमारे २५० इंच लांब असतो, म्हणजे २१ फुटांना जेमतेम दोन इंच कमी. घरांची बरीचशी गॅरेजं २० फूट खोल असतात. उंचीही ८० इंचांच्या आसपास, त्यामुळे विमानतळाच्या पार्किंगमध्ये शिरताना फलक वाचायची सवय लावावी लागते.

आता इंजिन. इथे मित्रमंडळी सगळ्यात जास्त भांडतात आणि माझ्या मते या प्रश्नाला एवढं महत्त्व नाही. ७,००० पौंडांसाठी आजचं थ्री-क्वार्टर टनातलं कुठलंही गॅस इंजिन पुरतं. फोर्डचं ७.३ लिटर, जीएमचं ६.६, रॅमचं ६.४, तिन्ही साधी, टर्बो नसलेली व्ही-८ इंजिनं आहेत. टर्बो नसल्याचा तोटा उंचीवर कळतो. दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद जाते. तुम्ही डॅलसहून ॲमरिलोमार्गे निघालात की न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचा रेटन पास ७,८३४ फुटांवर, डुरँगोकडे वळलात तर वुल्फ क्रीक पास १०,८५७ वर, आणि आय-७० हायवेने गेलात तर आयझनहॉवर बोगदा ११,१५८ वर. तिथे ४०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाचे २७०-२८० उरतात. इंजिन ४,५०० आरपीएमवर ओरडतं, वेग ४५-५० वर येतो, मागे बसलेल्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं. ही इंजिनं तशी फिरायलाच बनवलेली आहेत. उजव्या लेनमध्ये राहायचं, टो/हॉल मोड (ओढताना वापरायची ट्रान्समिशनची सेटिंग) चालू ठेवायचा, तापमानाच्या काट्यावर लक्ष. वर्षातून दोन-तीनदा अर्धा तास हा आवाज ऐकायचा नसेल तर टर्बो घ्या, पण त्याची किंमत समजून.

डिझेलची किंमत म्हणजे आधी दहा हजार डॉलरच्या आसपासचे जादा पैसे, मग डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव, महाग फ्युएल फिल्टर आणि ऑइल चेंज. त्याहून महत्त्वाचं, डिझेल इंजिन आणि त्याचं ट्रान्समिशन मिळून गॅसपेक्षा सहा-सातशे पौंड जड. ज्या ट्रकांचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० लाच बांधलेला आहे तिथे हे सगळे पौंड पेलोडमधून कापले जातात. त्यामुळे साजशृंगार केलेल्या डिझेल रॅम २५०० चा स्टिकर २,००० च्या आसपास निघतो आणि शेजारचा साधा गॅसवाला तीन हजार दाखवतो. शिवाय तुम्ही आठवड्याचे पाच दिवस ऑफिसला आठ-दहा मैल जाणार. डिझेलचा काजळी फिल्टर स्वच्छ व्हायला लांब, तापलेली धाव लागते. अशा छोट्या फेऱ्यांत तो तुंबत राहतो. वर्षाला दहा हजार मैल ट्रेलरसकट हिंडणाऱ्याला मी डोळे झाकून डिझेल सांगेन. तुम्हाला नाही.

डिझेलची एक गोष्ट मात्र मनापासून आवडते. उतारावरचा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारी सोय. लोक चढाची चर्चा करतात, माझी काळजी उताराची असते. आयझनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांपर्यंतचा उतार मैलोन्मैल चालतो. तिथे पाय ब्रेकवर ठेवून उतरलं तर ब्रेक तापतात, वास येतो, आणि मग लागायचे कमी होतात. गॅस ट्रकमध्ये टो/हॉल मोड ट्रान्समिशन खालच्या गिअरला धरून ठेवतो आणि इंजिनच वेग अडवतं, आरपीएम वर जातात आणि जाऊ द्यायचे. माथा ओलांडायच्या आधीच वेग ४५-५० वर आणा. मग लागेल तेव्हा ब्रेक ठाम दाबून दहा मैल वेग कमी करायचा आणि पाय काढायचा. पाय ठेवून घासत राहायचं नाही.

ॲक्सल रेशो, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा, विचारून घ्या. एकाच ट्रकचं, एकाच इंजिनचं टो रेटिंग ३.३१ आणि ३.७३ मध्ये हजार-दोन हजार पौंडांनी बदलू शकतं. दहा गिअरच्या ट्रान्समिशनने त्याचं महत्त्व कमी केलंय, पण जुना ट्रक घेणार असाल तर आधी हेच बघा.

तुमच्या मार्गावर डोंगरांइतकाच वारा आहे, आणि हा भाग डीलरच्या लॉटवर कुणी सांगत नाही. टेक्ससच्या पॅनहँडलमध्ये, ॲमरिलोच्या आजूबाजूला, आडवा वारा दिवसभर मारतो. ३० फुटी ट्रेलर म्हणजे त्याच्यासाठी भिंतच. त्यात बाजूने अठरा चाकी ट्रक गेला की आधी तो हवेने ट्रेलरचं बूड बाहेर ढकलतो आणि पुढे जाताना नाक आत ओढतो. इथे ट्रकचं वजन आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, कामाला येतो. ढोबळ आडाखा असा आहे की २० फुटी ट्रेलरला ११० इंच व्हीलबेस, आणि पुढच्या दर फुटाला ४ इंच जास्त. ३० फुटांना १५० इंच. चार दारांच्या शॉर्ट बेड एफ-१५० चा व्हीलबेस १४५ आहे, एफ-२५० चा १६० च्या आसपास. आडाखा आहे, नियम नव्हे. पण वारा सुटल्यावर हातातलं स्टिअरिंग हा फरक सांगतं.

स्वे कंट्रोल, म्हणजे ट्रेलरचं डोलणं रोखायची सोय, असलेलं वेट डिस्ट्रिब्युशन हिच घ्या, घर्षणाची वेगळी पट्टी लावायच्या साध्या प्रकारापेक्षा ज्याच्या बारमध्येच (भार वाटून देणाऱ्या दांड्यांमध्येच) स्वे कंट्रोल आहे ते. रिसीव्हरवर, म्हणजे बंपरखालच्या चौकोनी नळीवर, एक लेबल असतं. ते आडवं होऊन वाचा. अनेक हाफ-टनांवर वेट डिस्ट्रिब्युशनशिवाय ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० टंग एवढंच लिहिलेलं असतं आणि त्याच्या दुप्पट आकडा फक्त त्या हिचसकट. बसवताना पुढच्या मडगार्डची उंची तीनदा मोजायची. ट्रेलर न जोडता, जोडून बार न लावता, आणि बार लावून. नाकाचा भार मागे पडल्यामुळे ट्रकचं तोंड उचललं जातं आणि पुढची चाकं हलकी होतात, ती उंची खाली आणायची. किती आणायची ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. काही कंपन्या निम्मीच आणा म्हणतात, म्हणून यूट्यूबवरच्या माणसाचं ऐकून पूर्ण मूळ उंचीवर आणू नका. डीलरच्या अंगणात हिच बसवून घेणार असाल तर टेप स्वतः न्या. रिकाम्या ट्रेलरवर बसवलेलं हिच सामान भरल्यावर पुन्हा लावावं लागतं आणि ते सहसा कुणी लावून देत नाही.

बाकीचं भराभर. कारखान्यातूनच बसवलेला ब्रेक कंट्रोलर मागा, म्हणजे तो ट्रकच्या ब्रेकशी जोडलेला असतो आणि किती जोरात दाबलंय त्या प्रमाणात ट्रेलरला ब्रेक लावतो. सात पिनांचं सॉकेट, लांब टोइंग आरसे आणि मोठी इंधनटाकी हवीच. ट्रेलर मागे असताना गॅलनला ८ ते १० मैल मिळतात. एफ-१५० घेतलात तर ३६ गॅलनची टाकी मागा, नाहीतर दर दोनशे मैलांना ३० फुटांचा ट्रेलर घेऊन पंप शोधत फिराल. हाफ-टनवर प्रवासी गाडीचे मऊ कडांचे टायर असतील तर ते बदलून एलटी, म्हणजे ट्रकसाठीचे कडक टायर, घ्या, निम्मा डोल तिथेच जातो. इलेक्ट्रिक ट्रक ओढायला उत्तम, जोर भरपूर, पण ट्रेलर लावला की पल्ला साधारण निम्मा होतो आणि बहुतेक चार्जिंगच्या जागी ट्रेलर सोडून आत जावं लागतं. डॅलस-कोलोरॅडोसाठी आज नको. पुढे कधी कॅलिफोर्नियाला निघालात तर तिथे ट्रेलर ओढणाऱ्याला कमाल वेग ५५ आहे, ट्रेलर कितीही चांगला चालत असला तरी.

वापरलेला ट्रक घ्यायलाही हरकत नाही. तीन-चार वर्षं जुना गॅस २५०० हा या कामाचा सगळ्यात शहाणा सौदा आहे असं मला वाटतं. फक्त उंची वाढवलेला, मोठे टायर लावलेला ट्रक टाळा. पूर्वी गूसनेक (बेडमधल्या बॉलला जोडायचा जड ट्रेलर) ओढला असेल तर बेडमध्ये बॉलचं भोक दिसेल. ते वाईट नव्हे, पण मग ट्रान्समिशनच्या तेलाचा आणि मागच्या डिफरन्शियलचा इतिहास विचारा.

आता पुढच्या शनिवारी काय करायचं ते सांगतो. लॉटवर जा, किंमत विचारायच्या आधी चार-पाच ट्रकांची दारं उघडा आणि पिवळ्या पट्टीच्या स्टिकरचे फोटो काढा. टो रेटिंगवर बोलणं सुरू झालं की मान हलवा आणि पुढचं दार उघडा. ट्रेलरच्या दाराजवळचा स्टिकरही काढा, त्यावर किती सामान भरता येईल ते लिहिलेलं असतं. बंकहाऊसमध्ये कधीकधी ते हजारच्याही खाली असतं, आणि तुमच्या कुटुंबाला ते पुरणार नाही. असा ट्रेलर ट्रक कितीही मोठा असला तरी सोडा.

आणि खरेदी झाल्यावर पहिल्या सहलीला निघताना, पूर्ण भरून, सगळ्यांना बसवून, एखाद्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, थांबा. पायलट, लव्हज यांच्या आवारात ते असतात, पंधरा डॉलरच्या आसपास लागतात आणि लगेच दुसऱ्यांदा वजन केलं तर अगदी थोडे. आधी बार लावून, मग बार काढून, मग ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक. प्रत्येक चिठ्ठीवर ट्रकचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल असे वेगळे आकडे येतात. बार काढलेल्या चिठ्ठीतल्या ट्रकच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेतून नुसत्या ट्रकच्या दोन्ही ॲक्सलची बेरीज वजा केली की खरा टंग वेट मिळतो. त्या तीन चिठ्ठ्या आणि दारावरच्या दोन्ही स्टिकरचे फोटो इथे टाका, हिच किती छिद्रं वर-खाली करायचं ते बघून सांगतो.